शब्दचर्चा : डीएनएची ‘दुरुस्ती’ की ‘सांधणी’?

प्रश्न : ‘डीएनए दुरुस्तीत दोष असेल तर बाळाची प्रतिकारशक्ती घडत नाही’ असं वाक्य आहे. दुरुस्ती बिघडलेल्याची होते. इथे आधी बिघडलं काय?

प्रतिसाद १ : काहीच नाही, जनुकाचे तुकडे नव्याने जोडण्यासाठी पेशी स्वतःच डीएनए कापते. इंग्रजीत दोन्हींना एकच ‘ब्रेक’. मराठीत तुटणं वेगळं, तोडणं वेगळं. क्ष-किरणांनी डीएनए तुटतो. अस्थिमज्जेत बी पेशी आणि छातीतल्या थायमस ग्रंथीत टी पेशी (दोन्ही प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) घडताना रॅग-१ आणि रॅग-२ ही प्रथिनं तो तोडतात, तेही ठरलेल्या जागी : ७ अक्षरांची खूण, मग १२ किंवा २३ अक्षरांचं अंतर, मग ९ अक्षरांची खूण. १२ची जोडी २३शीच जमते. प्रतिपिंड म्हणजे बी पेशींचं जंतूंना चिकटणारं प्रथिन. त्याच्या जड साखळीचं जनुक व्ही, डी आणि जे या तुकड्यांतून जुळतं. व्ही आणि जे दोन्हींशेजारी २३चंच अंतर असतं, म्हणून व्ही तुकडा थेट जे तुकड्याला लागत नाही, मध्ये डी यावाच लागतो. तुकड्यांच्या या फेरजुळणीचा शोध लावणाऱ्या सुसुमु तोनेगावांना १९८७चं नोबेल मिळालं.

तोडलेलं जोडायला मात्र वेगळी यंत्रणा नाही. तुटलेलं जोडणारीच प्रथिनं येतात, म्हणून ‘दुरुस्ती’ हा शब्द इथवर आला. ‘सांधणी’ दोन्हीकडे बसतो.

प्रतिसाद २ : ‘रफू’ का नको? नेमका आणि घरातला शब्द आहे.

प्रतिसाद १ : रफूत मूळ वीण पाहून धागा भरतात. शेजारची प्रत पाहून होणाऱ्या दुरुस्तीला तो सुंदर बसेल. इथे पाहायला प्रतच नसते : पेशी डीएनएची प्रत काढू लागली की रॅग-२ नष्ट होतं. तोडल्यावर तुकड्यांची टोकं दुमडून बंद होतात. कू-७० आणि कू-८० ही प्रथिनं ती धरतात, डीएनए-पीकेसीएस या प्रथिनाच्या मदतीने आर्टेमिस हे एंझाइम ती उघडतं, टीडीटी हे एंझाइम नमुन्याशिवायच काही अक्षरं भरतं, शेवटी एक्सआरसीसी-४ या प्रथिनाच्या साथीने लायगेज-४ हे एंझाइम टाका घालतं. जोड ओबडधोबड होतो आणि साधारण तीनपैकी दोनदा वाचनाची चौकट (जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचण्याची मांडणी) चुकते. पण याच ओबडधोबडपणातून प्रतिपिंडांची अफाट विविधता येते. ‘दुरुस्ती’ म्हटलं की ही गोष्ट झाकली जाते, माझा मुख्य आक्षेप तोच.

प्रतिसाद ३ : उपचारातही हा फरक मोलाचा. काही बाळांत रॅगच्या किंवा आर्टेमिसच्या जनुकात दोष असतो. रॅगचा दोष तोडण्यातला, आर्टेमिसचा सांधण्यातला. दोन्हींत टी आणि बी पेशी जवळजवळ नसतात, एनके पेशी (बाधित पेशी मारणाऱ्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी) असतात. रक्तपेशींच्या मोजणीवरून दोन्ही सारखेच दिसतात. पण आर्टेमिसचा दोष असलेल्या बाळाच्या सगळ्याच पेशींना तुटलेला डीएनए नीट सांधता येत नाही. त्यामुळे किरणोत्सर्ग आणि डीएनएवर घाव घालणारी औषधं त्याला जास्त बाधतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची पूर्वतयारी ठरवण्याआधी जनुकीय तपासणी हवी ती यासाठी.

प्रतिसाद २ : पटलं. मग ‘दुरुस्ती’ इथे वर्ज्यच?

प्रतिसाद १ : नाही. प्रतिपिंडाचा वर्ग बदलताना एआयडी हे एंझाइम डीएनएतल्या सायटोसिन या अक्षराचं युरॅसिल (डीएनएत नको असलेलं अक्षर) करतं. तिथे अक्षर खरंच बिघडतं आणि दुरुस्तीची प्रथिनं ते काढायला येतात. तिथे शब्द चपखल आहे.

प्रश्नकर्ता : मग वाक्य असं करतो : ‘तोडलेला डीएनए सांधता आला नाही, तर टी आणि बी पेशी घडतच नाहीत.’ कापून वेगळ्या होणाऱ्या वर्तुळाकार तुकड्याला काय म्हणावं?

प्रतिसाद ३ : ‘कात्रण’. नवजात बाळाच्या टाचेच्या रक्तात टी पेशींची ही कात्रणंच मोजतात. फार कमी सापडली, तर पुढची तपासणी लगेच करतात.