आईची तिसरी केमो : घरच्या ग्रुपवरून

मावशी : ताई घरी आली ना? मग रविवारी आम्ही सगळे येतोच. पोरंही मागे लागलीयत, आजीला बघायचंय म्हणून.

काका : आम्हीही निघतो. वहिनी तीन दिवस दवाखान्यात, आणि आम्हाला कळतंय कधी, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी!

मी : काका, रात्री अडीचला उठवून तुमची झोप तेवढी गेली असती. रागवू नका. एकदाच सगळं लिहिते, नाहीतर तेच आठ फोनवर आठ वेळा सांगावं लागतं आणि आठव्याला मी खेकसते.

मी : केमोनंतरचा नववा दिवस. आई संध्याकाळपासून गप्प. रात्री म्हणाली थंडी वाजतेय. ताप १०१. "एक गोळी दे, सकाळी बघू" हे तिचं नेहमीचं. दादा गोळी आणि पाणी घेऊन उभाही राहिला. मी त्याच्या हातातून ती काढून घेतली आणि तिथेच आमची जुंपली.

आत्या : अगं पण १०१ म्हणजे काही फार नाही. एवढ्याशा तापाला रात्री धावायचं?

मी : एरवी मीही धावले नसते. आत्या, केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर पडतं, मग त्या कुणाच्या का असेनात. कॅन्सरच्या, तोंडातल्या, आतड्यातल्या, रक्त बनवणाऱ्या. पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात सगळ्यात खाली जातात. तेव्हा जंतू शिरला तर बऱ्याचदा सूज नाही, पू नाही, काहीच दिसत नाही. दिसतो फक्त ताप. तापाची गोळी दिली की तोही झाकला जातो. म्हणून १००.४ झाला की आधी दवाखान्यात फोन. गोळी त्यांनी सांगितली तरच.

मी : तिथे गेल्या गेल्या रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिकची सलाईन लावली. पेशी खरंच तळाला होत्या. सकाळपर्यंत थांबलो असतो तर काय, हा विचार मी करत नाहीये. तुम्हीही मला करायला लावू नका.

दादा : सगळं त्या कार्डावर लिहिलेलं होतं. फ्रिजवरच लावलंय. मी पाणी घ्यायला रोज तिथेच उभा असतो आणि वाचलं नव्हतं.

वहिनी : आता फोटो काढून ग्रुपवर टाकलाय. दवाखान्याचा रात्रीचा नंबरही त्यातच आहे.

आत्या : बरं. तोंड आलंय का तिला? आमच्या शेजारच्या बाई सलाईन चालू असताना बर्फ चघळायच्या, त्यांना खूप फरक पडला. तिलाही सांग.

मी : त्यांच्या औषधाला ते चालत असणार, काही औषधांत तिथली नर्सच बर्फ देते. आईच्या सलाईनीत ऑक्झॅलिप्लॅटिन आहे. त्यानंतर काही दिवस गार पाण्याचा घोट घेतला तरी घसा आवळल्यासारखा होतो, श्वास अडकेल असं वाटतं. पहिल्या खेपेला तिने फ्रिज उघडून बाटली धरली आणि बोटांना अशा मुंग्या आल्या की बाटली खाली. तेव्हापासून फ्रिज तिला बंद. बर्फ तर नकोच.

वहिनी : तोंडासाठी मऊ ब्रश आणि कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा घालून गुळण्या. बाजारातला झणझणीत माउथवॉश एकदा वापरला, आई अक्षरशः रडल्या. आणि स्टीलचा चमचा काढून टाकलाय, सगळंच लोखंडासारखं लागतं म्हणायच्या. प्लॅस्टिकच्या चमच्याने दोन घास जास्त जातात.

मावशी : मी टोप बघून ठेवलाय. तिच्या केसांसारखाच आहे अगदी. फोटो टाकते.

मी : मावशी, या औषधांत केस बहुतेक विरळ होतात, सगळे जातीलच असं नाही. सिनेमात बघून आपण धरूनच चालतो.

काका : हा मेसेज वाचा. साखर बंद केली की गाठ उपाशी मरते. सोबत एका पावडरीचीही माहिती आहे.

मी : काका, हा मेसेज या महिन्यात तिसऱ्यांदा. साखर शरीरातल्या सगळ्याच पेशींना लागते, ताटातली बंद करून एकट्या कॅन्सरची उपासमार होत नाही. आईचं वजन चार किलो उतरलंय, आत्ता तिला जे गोड लागेल ते तिने खावं. पावडर मात्र अजिबात नको. केमोचं औषध यकृत आणि मूत्रपिंडं कसंबसं निपटत असतात, त्यात आणखी काय घालतोय हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही.

काका : बरं बाई. काळजीपोटीच पाठवलं.

मी : माहितीये. म्हणूनच एवढं लिहिलं.

मावशी : मग आम्ही करायचं तरी काय? नुसतं बसून राहायचं का?

वहिनी : सोमवारी पुढची केमो आहे, पेशी वर आल्या असतील तर. सलाईन झाली की छोटा पंप लावून घरी पाठवतात, तो ४६ तास चालतो. नंतर कुणीतरी पंप काढायला घेऊन जावं लागतं. आम्हा तिघांच्याही रजा संपल्यात.

दादा : आणि उलटीची गोळी वेळेवर द्यायला कुणी हवं. मळमळ सुरू झाल्यावर नाही, आधी. सुरू झाली की गोळीच उलटून पडते.

मी : केमो बारा वेळा घ्यायचीय. तीन झाल्या.

आई : मी या ग्रुपवर आहे हे कुणाच्या लक्षात आहे का?

आई : माझ्या पांढऱ्या पेशींचा हिशेब झाला असेल तर मी बोलते. रविवारी गर्दी नको. आराम कर, आराम कर हेही नको. हा थकवा झोपून जात नाही, दहा तास झोपले तरी उठते ती दमलेलीच. उलट गॅलरीत दहा मिनिटं चालले तर बरं वाटतं. चालायला सोबत हवी, बघायला नको. एकेक जण या.

आई : आणि कुणीतरी घरातलं काहीतरी सांगा. महिना झाला, मला सगळे फक्त "कसं वाटतंय" विचारतात. मावशीचं आणि तिच्या भाडेकरूचं पुढे काय झालं, हे मला अजून कळलेलं नाही.

मावशी : ताई, त्याने काय केलंय माहितीये का! उद्या येऊ?

आई : चारला ये. सेंट लावू नकोस, पोटात ढवळतं. सर्दी असेल तर येऊच नकोस, फोनवर सांग.

मावशी : सर्दी नाहीये. टोप आणू का?

आई : आण. तुला कसा दिसतो बघू.