व्यसनमुक्तीचा प्रचार प्रत्येक समाजासाठी वेगळा असावा का?

मांडवीकर: वडोदऱ्यातील आमच्या घरी आजी आणि काकू रोज सकाळी मशेरी लावत असत. तंबाखूच्या धोक्याच्या फलकांवर मात्र सिगारेटच दिसे, त्यामुळे तो इशारा आपल्यासाठी आहे असे त्यांना कधी वाटलेच नाही. शेजारच्या गुजराती घरांत मशेरीच्या जागी बजर, म्हणजे दातांना लावायची तंबाखूची पूड, असते, तर छोटा उदेपूरकडून मजुरीसाठी आलेल्या राठवा आदिवासी कुटुंबांत मोहाची दारू देवालाही वाहिली जाते. त्या दारूला सरसकट पाप म्हटले, तर ऐकणारा माणूस तिथेच उठून जाईल. म्हणून प्रत्येक वस्तीत तिच्याच भाषेत आणि तिच्याच माणसांनी बोलावे, असे माझे ठाम मत आहे.

सूरसागर: मी असहमत आहे. एखाद्या वस्तीसाठी वेगळी मोहीम काढली, की ‘त्या लोकांतच व्यसन आहे’ असा शिक्का बसतो आणि इतर घरे निर्धास्त होतात. शिवाय शाळा सुटल्यावर सगळ्या समाजांची मुले एकाच गल्ल्यावर, म्हणजे पानटपरीवर, तंबाखू-सुपारीचा मावा घेतात. 2003 च्या कायद्याने 18 वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास आणि शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांच्या आत तो विकण्यास बंदी आहे. ती नीट अमलात आणली, तर प्रत्येक मुलाचे सारखेच रक्षण होईल.

निवृत्त शिक्षिका: दोघांच्याही मांडणीत भीतीचा विचार नाही. गुजरातमध्ये 1960 पासून, म्हणजे राज्याच्या स्थापनेपासून, दारूबंदी आहे. त्यामुळे मुलगा पितो हे सांगणे म्हणजे त्याला पोलिसांच्या हाती देणे, असे आईला वाटते. अमली पदार्थांच्या बाबतीत मात्र त्यांच्याविषयीच्या 1985 च्या कायद्यातील कलम 64अ नुसार, अल्प प्रमाणाच्या प्रकरणातील व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. माझ्या वर्गातील एकाही पालकाला हे ठाऊक नव्हते, आणि मलाही फार उशिरा कळले, याची खंत वाटते.

मांडवीकर: शिक्क्याचा मुद्दा मला पटला, मोहीम शहरभर एकच असावी. परंतु 14446 या राष्ट्रीय मदतक्रमांकाची आणि त्या कलमाची माहिती आजीला मराठीतून, तर राठवा मजुराला त्याच्या बोलीतून मिळायला हवी, आणि फलकावर मशेरीची डबीही दिसायला हवी, हा आग्रह मी सोडणार नाही.

सूरसागर: फलकाला माझी हरकत नाही. गल्ल्यावरील विक्री मात्र आधी थांबवा.