बोन मॅरो प्रत्यारोपणानंतर सीएमव्ही पुन्हा सक्रिय झाला आहे: औषध बदलण्याबाबत मदत हवी आहे

माझ्या धाकट्या भावाचे ल्युकेमियासाठी बोन मॅरो प्रत्यारोपण झाले असून त्याची दाता मीच आहे. प्रत्यारोपणापूर्वीच्या तपासणीत सायटोमेगॅलोव्हायरस (सीएमव्ही) या विषाणूची प्रतिपिंडे त्याच्या रक्तात होती, माझ्या रक्तात नव्हती. म्हणजे विषाणू त्याच्या शरीरात आधीपासून सुप्त होता आणि माझ्याकडून गेलेल्या पेशींना त्याची ओळखच नव्हती. या जोडीत धोका अधिक असतो, याची कल्पना डॉक्टरांनी तेव्हाच दिली होती.

पुढे त्वचेवर जीव्हीएचडी (दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर केलेला हल्ला) दिसू लागल्याने प्रतिकारशक्ती दाबणारे स्टेरॉईड द्यावे लागले आणि त्यानंतर दर आठवड्याच्या पीसीआर रक्ततपासणीत सीएमव्हीचे प्रमाण वाढत गेले. ताप, खोकला, जुलाब यांपैकी काहीही नाही. तरीही फुफ्फुसांना किंवा आतड्यांना इजा होण्याआधीच विषाणूला आवरावे म्हणून शिरेतून गॅन्सिक्लोव्हिर हे विषाणूरोधक औषध सुरू केले आहे. रिपोर्टांच्या वहीत मी दोन रकाने आखले आहेत, एक विषाणूच्या प्रमाणाचा आणि दुसरा न्यूट्रोफिल्सचा, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा. पहिल्यातले आकडे अजून हवे तसे उतरत नाहीत, दुसऱ्यातले मात्र घसरत चालले आहेत, कारण हे औषध नव्याने रुजलेल्या मज्जेलाच, म्हणजे या पेशी बनवणाऱ्या बोन मॅरोलाच, दाबते.

आता फॉस्कार्नेट या दुसऱ्या विषाणूरोधक औषधाचा विचार चालू आहे. ते मज्जेला फारसे दाबत नाही, पण मूत्रपिंडांना त्रास देते आणि रक्तातील मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम कमी करते. भावाला प्रतिकारशक्ती दाबणारे सायक्लोस्पोरिन चालूच आहे आणि त्याचाही भार मूत्रपिंडांवरच पडतो, ही मला सर्वांत मोठी काळजी वाटते.

ज्यांच्या घरी असा प्रसंग आला असेल त्यांनी कृपया सांगावे, की पांढऱ्या पेशी वाढवणारी जीसीएसएफची इंजेक्शने देऊन गॅन्सिक्लोव्हिरच पुढे चालू ठेवले, की औषध बदलले? स्टेरॉईड चालू असताना उपचाराच्या सुरुवातीला विषाणूचे प्रमाण काही काळ वाढू शकते आणि तेवढ्यावरून तो औषधाला दाद देत नाही असे म्हणता येत नाही, असे मला समजले आहे. मग विषाणूच्या यूएल९७ जनुकाची तपासणी (त्यातील बदलांमुळे गॅन्सिक्लोव्हिर निष्प्रभ ठरू शकते) केव्हा करून घेतली? अमेरिकेत २०२१ मध्ये दाद न देणाऱ्या सीएमव्हीसाठी मान्यता मिळालेले मॅरिबाव्हिर कोणी घेतले आहे का? विषाणू आटोक्यात आल्यावर तो पुन्हा उसळू नये म्हणून लेटरमोव्हिर दिले गेले असल्यास तोही अनुभव लिहावा. ते नागिणीच्या विषाणूवर चालत नाही, त्यामुळे अ‍ॅसायक्लोव्हिर सोबत चालू ठेवावे लागते, एवढे मला माहीत आहे.

औषधांच्या मात्रा मी इथे विचारत नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायलाच हवा असा एखादा प्रश्न माझ्याकडून सुटत असेल, तर तो अवश्य सुचवावा.