मदत हवी आहे: प्रेफर्ड कोरचा पॅच, दुसरा कोर ऑनलाइन केला की सगळं गपगार

मंडळी, लिनक्सच्या कर्नलमध्ये (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) हात काळे केलेलं कोणी आहे का इथे? हिंजवडीत नोकरी, आत्तापर्यंत सगळं यूजरस्पेसचंच, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमचं काम केलं, आणि आता टीममधल्या एकाने आमच्या जुन्या कर्नलसाठी एएमडी पीस्टेट ड्रायव्हरमध्ये (प्रोसेसरचा वेग सांभाळणारा कोड) प्रेफर्ड कोरचा पॅच लिहिलाय तो रिव्ह्यूला माझ्या गळ्यात पडलाय. (मूळ लिनक्समध्ये हे ६.९ पासून आहेच, पण आमच्याकडे अपग्रेडचं नाव काढलं की मीटिंग लागते.)

भानगड काय आहे ते कळलं. एका चिपवरचे सगळे कोर सारखे पळत नाहीत, फर्मवेअर प्रत्येकाचा आकडा देतं, माझ्याकडे एकाचा २३६, दुसऱ्याचा २३१ वगैरे, ड्रायव्हर तो शेड्युलरला (कुठलं काम कुठल्या कोरवर ते ठरवणारा भाग) सांगतो आणि मग काम आधी चांगल्या कोरवर जातं. इंटेलच्या टर्बो मॅक्स ३.० साठी आलेली आयटीएमटीची, म्हणजे कोरना प्राधान्य लावायची सोयच वापरलीय.

सगळे कोर घेऊन बूट केलं तर मस्त चालतं. काल सहज मॅक्ससीपीयूज १ देऊन (म्हणजे एकच कोर घेऊन) बूट केलं आणि दुसरा कोर चालू करायला त्याच्या ऑनलाइन फाइलमध्ये १ लिहिला, तर प्रॉम्प्ट परत आलाच नाही, कंट्रोल सी पण ऐकेना, थोड्या वेळाने लॉगमध्ये हंग टास्क, म्हणजे काम अडकल्याची तक्रार. इंटेलच्या ड्रायव्हरमध्ये आयटीएमटी चालू करायचं काम वर्कक्यूवर (नंतर वेगळं करायच्या कामांची रांग) टाकलंय, आमच्यात थेट कॉल. लिहिणारा म्हणतो एवढ्याशा कामाला वर्कक्यू कशाला. फरक पडतो का?

उत्तर १
पडतो की, तोच बग आहे. कोर ऑनलाइन करताना कर्नल हॉटप्लगचं (कोर चालू-बंद करण्याचं) लॉक रायटर म्हणून, म्हणजे एकट्याने धरून तुमचा कॉलबॅक (ड्रायव्हरचं फंक्शन) संपायची वाट बघतो, आणि कॉलबॅक आयटीएमटी चालू करायला गेला की शेड डोमेन (शेड्युलरचे कोरचे गट) परत बांधायला तेच लॉक रीडर म्हणून मागतो, जे रायटर असताना मिळत नाही. दोघंही 'आधी तू सरक', भर पावसात वाकडच्या चौकात होतं तसं. नेहमीच्या बूटला ड्रायव्हर रजिस्टर होताना ते लॉक रीडर म्हणूनच धरलेलं असतं म्हणून निभावतं, आणि एकदा चालू झालं की पुढचे कॉल काही न करता परत येतात. एकट्या कोरला तुलना कोणाशी करणार, म्हणून तुझ्याकडे ती वेळ दुसऱ्या कोरवर आली. इंटेलच्या फाइलमध्ये त्या ओळीवरची कमेंट वाच, स्पष्ट लिहिलंय. आणि लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारी कर्नलची तपासणी) लावून साधं बूट करून बघ.

धागाकर्ता
लावलं, पहिल्याच बूटला बोंबललं. रिव्ह्यूत कमेंट टाकतोय, जरा गोडीत, कारण पॅच लिहिणारा शेजारीच बसतो आणि डबा आमचा एकत्र असतो.