‘चेतापेशी चेतल्या’ चालेल का?

गोदाकाठ: मेंदूच्या गाठीच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी मराठी माहितीपत्रक करतोय. एक वाक्य लिहिलं: ‘चेतापेशींच्या क्रियाशीलतेमुळे अर्बुदाची वाढ होते.’ (चेतापेशी म्हणजे न्यूरॉन, अर्बुद म्हणजे गाठ.) कॉलेज रोडच्या एका काकूंना वाचायला दिलं, त्यांच्या यजमानांना ग्लायोमा (मेंदूतल्या ग्लिया पेशींची गाठ) आहे. काकूंनी विचारलं, “म्हणजे ह्यांनी शब्दकोडी सोडवायची बंद करायची का?”

मूळ मुद्दा असा. 2015 मध्ये स्टॅनफर्डच्या मिशेल मोंजे यांच्या गटाने उंदरांच्या मेंदूत माणसाच्या ग्लायोमाच्या पेशी रोवल्या आणि आसपासच्या चेतापेशी प्रकाशाने उत्तेजित केल्या. गाठीच्या पेशी जास्त वेगाने वाढल्या. त्यामागे न्यूरोलिजिन-३ हे प्रथिन निघालं. 2019 मध्ये त्यांना आणि जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या गटाला दिसलं की चेतापेशी ग्लायोमाच्या पेशींशी थेट सिनॅप्ससुद्धा (संदेश पोचवणारे सांधे) जोडतात. हे सगळं ‘क्रियाशीलता’ या एका शब्दात कसं बसवू?

मखमलाबादकर: ‘चेतणे’ घ्या की! चेतापेशी चेतली की गाठ वाढते. चेतना, चेता, चेतणे, सगळं एकाच घरातलं. चूल चेतते तशी पेशी चेतते.

निफाडची सून: चूल पेटते हो. आमच्याकडे माणसाला चेतवतात, तेही बांधाच्या भांडणात. “भावाला कोणी चेतवलं?” असं विचारतात. काकूंना आता वाटेल, ह्यांचा मेंदू चेतवला कोणी, मीच ना?

मखमलाबादकर: शेकोटी चेतवतात की नाही? आमची आजी रोज म्हणायची.

वैद्यबुवा: ‘अर्बुद’ आधी काढा. सुश्रुतसंहितेत ग्रंथी वेगळी आणि अर्बुद वेगळं आहे. अर्बुद मोठं, हळूहळू वाढणारं आणि न पिकणारं. शब्द उत्तम आहे, पण अर्बुद हे डोंगराचं आणि मोठ्या संख्येचंही नाव, त्यामुळे वाचणाऱ्याला अबूचा डोंगर आठवायचा, नाहीतर अब्जाधीश. गाठ म्हणा.

शुद्धलेखक: ‘गाठ’ म्हटलं की गाठोडं, गाठभेट सगळंच आलं. शास्त्राला नेमका शब्द लागतो. विश्वकोशात चेतेला ‘तंत्रिका’ हा शब्द आहे, तो का नको? सिनॅप्स, ग्लायोमा असंच लिहायचं तर मराठीत लिहिताय कशाला? आपल्या भगूरच्या सावरकरांनी ‘महापौर’ दिला तेव्हाही लोक हसलेच होते.

निफाडची सून: ‘महापौर’ रुजला, पण त्यांचे कितीतरी शब्द राहिले पुस्तकात. आणि ‘तंत्रिका’ ऐकून माझ्या सासूबाई विचारतील, मांत्रिकाकडे जायचं का.

शुद्धलेखक: हा शब्दाचा दोष नव्हे.

सातपूर_शिफ्ट: ग्लिया म्हणजे ग्रीकमध्ये सरस. चेतापेशींना चिकटवून ठेवणारा मसाला, असंच जर्मन वैद्य फिरखो यांना एकोणिसाव्या शतकात वाटलं होतं. मग ग्लायोमाला ‘सरसगाठ’ म्हणायचं का?

वैद्यबुवा: सरस म्हणजे चांगली. रुग्णाला सरस गाठ झाली म्हणून पेढे वाटायचे?

गोदाकाठ: मंडळी, काकू थांबल्यात.

आडगाव_नाका: परिचारिका म्हणून सांगते. अडचण ‘क्रियाशीलता’ या शब्दाची आहे, तो माणसाच्या अंगाला चिकटतो. काकूंनी लगेच शब्दकोडं धरलं ते म्हणूनच. चेतापेशी झोपेतही एकमेकींना विजेचे संदेश पाठवत असतात, ते कोणी ठरवून करत नाही. ‘चेतापेशींच्या विद्युतसंदेशांचा फायदा गाठीच्या पेशी उठवतात’ असं लिहा. कर्ता गाठ होईल, यजमान नाही. आणि खाली ठळक लिहा की उंदरांवरच्या प्रयोगांवरून ‘विचार करू नका’ असा सल्ला निघत नाही. फेफऱ्यावरचं पेरॅम्पॅनेल हे औषध ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाच्या ग्राहींना (ते टिपणाऱ्या प्रथिनांना) अडवतं, ग्लायोमातही ते ग्राही कामाला येतात, म्हणून ते औषध ग्लायोमावर तपासलं जातंय. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

सातपूर_शिफ्ट: 2021 मध्ये एक प्रयोग आला होता. दृष्टिचेतेवर गाठ होण्याचा जनुकीय दोष असलेले उंदीर लहानपणी अंधारात ठेवले, म्हणजे त्या चेतेला उजेडाचं उत्तेजन मिळू दिलं नाही, तर गाठी धरण्याचं प्रमाण घटलं.

आडगाव_नाका: दादा, हे पत्रकात नको. उद्या काकू पडदे लावून बसतील.

मखमलाबादकर: ‘गाठ धरली’ छान आहे. फळ धरतं तसं.

शुद्धलेखक: ‘फायदा उठवतात’ हा हिंदीचा वास. ‘फायदा घेतात’.

निफाडची सून: आमच्याकडे कातडीखालच्या मऊ गाठीला आवाळू म्हणतात. ते आवाळू, की तो?

वैद्यबुवा: ते. नपुंसकलिंगी.

मखमलाबादकर: सिन्नरकडे मी ‘तो’ ऐकलाय. आणि शेकोटी चेतवतातच.