झाडांना अँटिबॉडी नसतात, मग बॅक्टेरिया ओळखतं कोण?

हिरवापान:
झाडांना रक्त नाही, पांढऱ्या पेशी नाहीत, अँटिबॉडी तर नाहीतच. मग पानात बॅक्टेरिया शिरलाय हे कळतं कोणाला, आणि कळलं तरी तिथे धावून जाणार कोण? पुस्तकात 'जन्मजात प्रतिकारशक्ती' म्हणून एका ओळीत गुंडाळलंय.

पेशीवाला:
धावून कोणीच जात नाही, प्रत्येक पेशी आपलं आपण बघते. पेशीच्या पडद्यावर रिसेप्टर, म्हणजे बाहेरचे रेणू ओळखणारी प्रोटीन्स असतात, त्यातला एफएलएस२ सगळ्यात गाजलेला. बॅक्टेरियाची शेपटी फ्लॅजेलिन नावाच्या प्रोटीनची असते, त्यातला जेमतेम २२ अमिनो आम्लांचा तुकडा हा पकडतो. तुकडा अडकला की बीएके१ नावाचं दुसरं प्रोटीन येऊन बिलगतं आणि आत एकदम धावपळ सुरू, कॅल्शियम आत घुसतं, काही मिनिटांत हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, बचावाचे जीन्स चालू होतात, पुढे पेशीभित्तीत कॅलोज नावाच्या चिवट पदार्थाचा थर चढतो.

हिरवापान:
मग बॅक्टेरियाने तो तुकडाच बदलला तर?

पेशीवाला:
बदलतात ना. ॲग्रोबॅक्टेरियमचा तुकडा इतका वेगळा आहे की एफएलएस२ला तो कळतच नाही. पण शेपटी चालायलाही हवी, त्यामुळे वाट्टेल तसं बदलून भागत नाही. शिवाय मोहरीच्या कुळात ईएफआर हा आणखी एक रिसेप्टर आहे, तो ईएफ-टीयू हे प्रोटीन ओळखतो, आणि प्रोटीन बनवायलाच ते लागतं म्हणून बॅक्टेरियाला टाकूनही देता येत नाही. टोमॅटोत हा रिसेप्टर मुळात नसतो, तो घातल्यावर टोमॅटोची काही बॅक्टेरियांविरुद्धची ताकद वाढली, २०१०चं काम आहे.

उगाचशंका:
इतकं सगळं आहे तर झाडं आजारी पडतातच कशी??

मुळाक्षर:
कारण समोरचाही कच्चा नाही. बॅक्टेरियाची चाहूल लागली की पान आपली पर्णरंध्रं मिटून घेतं, पण स्यूडोमोनास सिरिंगी या बॅक्टेरियाचे काही वाण कोरोनाटिन नावाचं विष सोडून ती परत उघडायला लावतात, मला तर हे सगळ्यात भारी वाटतं. आत शिरल्यावर सुईसारख्या यंत्रणेतून स्वतःची प्रोटीन्स थेट पेशीत टोचतात आणि वर सांगितलेला सगळा गोंधळ दाबून टाकतात. त्यावर झाडाकडे पेशीच्या आत दुसरे रिसेप्टर असतात, त्यांना ही टोचलेली प्रोटीन्स किंवा त्यांनी केलेली मोडतोड कळली की बऱ्याचदा ती पेशी स्वतःच मरते आणि बॅक्टेरिया तिथेच अडकतो.

उगाचशंका:
मग हे सगळं कायम चालूच का नाही ठेवत?

पेशीवाला:
वाढ खुंटते. रोपांना नुसता तो २२चा तुकडा देत राहिलं, बॅक्टेरिया नसला तरी, रोपं खुरटी राहतात.