मदत हवी आहे: सत्तरच्या दशकातल्या गाण्यांच्या कॅसेटना बुरशी आली आहे

नमस्कार मंडळी, मी वेंगुर्ल्याची. बाबांनी रेडिओवरून भरून ठेवलेल्या, सत्तरच्या दशकातल्या मराठी चित्रपटगीतांच्या कॅसेट माझ्याकडे आहेत. यंदाच्या पावसात त्यांतल्या दोघींना बुरशी धरली. रिळाच्या कडेवर पांढरी पूड दिसते, आणि एकीची फीत दाबून धरणारी फेल्टची गादी निखळून आत पडली आहे.

त्यातच ‘सामना’तलं ‘कुणाच्या खांद्यावर’ आहे. रवींद्र साठेंचा आवाज, भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि शब्द आपल्या आरती प्रभूंचे! माझ्या लेखी त्या दशकातलं पहिलं गाणं हेच. मग ‘सिंहासन’मधलं (१९७९) ‘उषःकाल होता होता’. ‘जैत रे जैत’ (१९७७) तर अख्खाच. गाणी आज मोबाइलवरही मिळतात, पण मध्येमध्ये बाबांचा आवाज आहे, गाण्याचं नाव आणि तारीख सांगणारा. तो दुसरीकडून कुठून आणू?

बुरशीची फीत वाजवली तर टेपच्या हेडलाही (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला) बुरशी लागते, म्हणून अजून टेपमध्ये घातलेली नाही. ती घरी साफ करता येते का, आणि कशाने? रीळ दुसऱ्या, स्क्रूवाल्या कॅसेटच्या खोक्यात घातलं तर गादीचा प्रश्न सुटेल ना? कुडाळ, सावंतवाडी, नाहीतर रत्नागिरीला कॅसेटवरचं कॉम्प्युटरवर घेऊन देणारं खात्रीचं कोणी आहे का? पोस्टाने मुंबईला पाठवायला मन धजत नाही. गणपतीला भावंडं गावी येतील, त्याआधी झालं तर फार बरं होईल.

आणि हो, १९७० ते ७९ मधलं तुमचं सर्वांत लाडकं गाणंही कळवा. ‘पिंजरा’ची सगळी आहेत माझ्याकडे.